घेतलीस ना?

आईच्या फ्रीजवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. झाकणावरचं चित्र कधीच पुसलं गेलंय. सुईदोरा, रबरबँड, गॅसच्या पावत्या, कुठल्या कुठल्या ब्लाउजांची उरलेली बटणं, सगळं त्यात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आई हॉस्पिटलमध्ये होती आणि तिच्या आधारकार्डाची झेरॉक्स शोधायला मी तो डबा खाली काढला. झाकण उघडलं तर वरच रबरबँड लावलेला एक चंदेरी गठ्ठा. औषधाच्या रिकाम्या पुड्या. प्रत्येक पुडी वरून कात्रीने सरळ कापलेली, आतून धुतलेली, पुसून वाळवलेली, आणि पत्त्यांच्या कॅटसारखी एकावर एक नीट लावलेली. धुऊनही नाकाशी नेल्यावर मंद गोडसर वास येत होता. ओट्याशी उभी राहून मी त्या मोजल्या. मग खाली बसले आणि पुन्हा मोजल्या. ५३ होत्या.

तोवर फार तर आठ व्हायला हव्या होत्या.

त्या पावडरचं नाव आता घराघरात माहीत आहे. कोलेकॅल्सिफेरॉल, म्हणजे 'डी' जीवनसत्त्व, ६०,००० युनिट. आठवड्याला एक, आठ आठवडे. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या दहा बायकांपैकी सात-आठ जणी कधी ना कधी ती घेऊन बसलेल्या असतात. 'माझं डी बारा आलंय', 'माझं तर सातच', असं मुलांच्या मार्कांसारखं बोलणं चालतं. आईचं नऊ आलं होतं. त्या वर्षी गणपतीच्या आधी तिचे गुडघे आणि मांड्या फार दुखायला लागल्या. जिना उतरताना ती कठडा धरून एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरायची आणि खाली पोचल्यावर काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चालायला लागायची. मी ठाण्याला, ती पुण्याला सिंहगड रोडवर एकटी. घरी येऊन रक्त नेणाऱ्यांचं एक मोठं चेकअप पॅकेज मी फोनवरून बुक केलं. संध्याकाळी रिपोर्ट माझ्याच मोबाइलवर आला. पंधरा पानांत एकच आकडा लाल रंगात होता. खरं सांगते, तो लाल आकडा पाहून मला हायसं वाटलं. आईच्या दुखण्याला नाव मिळालं होतं, त्यावर पावडर होती, आणि पावडर आणून द्यायला मी ठाण्याहून उठून जायची गरज नव्हती.

आईला मात्र त्या आकड्याचं वाईट वाटलं. 'उन्हाचं जीवनसत्त्व आणि ते मला कमी?' ती म्हणाली. तिच्या आवाजात अपमान होता. तिचं सगळं आयुष्य उन्हातच गेलं होतं.

वाईच्या आमच्या घराला मागे फरसबंद अंगण होतं. सकाळी सातच्या सुमारास भिंतीवरून ऊन खाली उतरायचं आणि आजी पाट घेऊन त्याच्या मागोमाग सरकत जायची. घरात तान्हं मूल असलं की त्याला तेल चोळून तिच्या पायांवर पालथं घातलेलं असायचं. त्या उन्हाला कोवळं म्हणायचे, जसं गवारीला किंवा काकडीला म्हणतात तसं. कोवळं ऊन अंगाला चांगलं, चढलेलं ऊन वाईट, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही, ते माहीतच होतं. आईला त्या कोवळ्या उन्हात बसायला कधी फुरसत नसायची. त्या वेळी ती चुलीशी. तिचं ऊन वेगळं होतं. मार्च-एप्रिलमध्ये कुरडयांचा चीक शिजवून ती अकराला माडीवरच्या गच्चीत चढायची ती दोनला उतरायची. साड्या पसरायच्या, त्यावर कुरडया घालायच्या, सांडगे, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या. पदर डोक्यावरून घेऊन, कोपरापर्यंत उघडे हात, तळपायांना चटके, हातात कावळे हाकलायला काठी. मी तिचं पाणी घेऊन वर गेले की गच्चीच्या फरशीवर पाय नाचवत उभी राहायची आणि ती म्हणायची, 'जा खाली, काळी होशील.'

पुढे पुस्तकं आणि लेख वाचत बसले तेव्हा कळलं की कातडीत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या चढलेल्या उन्हातच असतात. अतिनील किरणांचा तो भाग सूर्य खाली असताना हवेच्या जाड थरातच अडकतो, आपल्यापर्यंत फारसा येत नाही. साधी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. पुण्यात-वाईत अशी वेळ बाराही महिने येते, अगदी डिसेंबरातही भर दुपारी येते. म्हणजे आजीच्या पाटावरच्या त्या उन्हात ऊब होती, माया होती, हाडांसाठी फारसं काही नव्हतं. आणि जे ऊन आम्ही वाईट म्हणून मुलींना हाकललं, ते आईच्या हातांवर वर्षानुवर्षं पडत राहिलं. हे वाचून मला आजीवर चिडावंसं वाटलं नाही. थोडं पोरकं मात्र वाटलं. लहानपणची एक खात्री हातातून निसटल्यासारखं.

बाबा गेल्यावर आम्ही आईला पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणलं. तिसरा मजला, बाल्कनीला सरकत्या काचा, कबुतरांसाठी बाहेरून जाळी. आई रोज सकाळी चहा घेऊन त्या बंद काचेच्या आत, उन्हाच्या तुकड्यात खुर्ची टाकून बसायची. मी फोनवर विचारलं की सांगायची, 'उन्हात बसलेय गं.' साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ते किरण जवळजवळ येतच नाहीत. सहा वर्षं ती काचेमागे बसून ऊन खात होती. गच्चीला सोसायटीने कुलूप लावलेलं, किल्ली वॉचमनकडे, आणि किल्ली मागायला तिला संकोच. कुरडया आता दुकानात मिळतात, असं मीच तिला सांगितलं होतं.

आकड्यांची थट्टा करावी असं मला वाटत नाही. हे दुखणं खरं आहे. वाईला आमच्या आळीत एका घरात मुडदूस झालेला मुलगा होता. डोकं मोठं, मनगटं गाठीसारखी, पाय कमानीसारखे बाहेर वाकलेले. तो धावायला लागला की आम्ही मुलं हसायचो, आणि आज ते हसणं आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. त्याची आई त्याला माशाच्या तेलाचा चमचा द्यायची. त्याच्या तोंडाला येणारा तो उग्र वास मला आजही ओळखू येईल. मुडदूस हा त्या तेलाने बरा होतो आणि उन्हानेही होतो, हे माणसाला पुराव्यानिशी कळून फार काळ लोटलेला नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश दिला. त्याने एकाच हातावर प्रकाश सोडून पाहिला, तर दुसऱ्या हाताची हाडंही भरून आली. म्हणजे कातडीत काहीतरी तयार होत होतं आणि रक्तातून सगळीकडे जात होतं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. न उजळलेला तो दुसरा हात डोळ्यांसमोरून जाईना. तिकडे इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करत होते, त्यांना मुडदुसावर माशाचं तेल सापडलं. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्यातल्या गुणाला जीवनसत्त्व 'ड' म्हटलं. आजची पावडर बहुतेक करून मेंढीच्या लोकरीवरच्या मेणापासून करतात, त्यावर असेच अतिनील किरण सोडून. आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, 'यात मासा-बिसा नाही ना?' नाही, मेंढीची लोकर आहे म्हटल्यावर ती म्हणाली, 'मग चालेल, घोंगडीच की.'

तेव्हा पावडर सुरू झाली. पहिल्या पंधरवड्यात आईचा आवाज बदलला. पाय हलके वाटतात म्हणाली. गौरीच्या जेवणाला पुरण तिने स्वतः वाटलं. मी खूश होते. दर रविवारी माझा फोन जायचा, कारण माझ्या डोक्यात रविवार हा पावडरचा वार होता. इकडचं तिकडचं झालं की मी विचारायची, 'पावडर घेतलीस ना?' ती म्हणायची, 'घेतली गं.'

घटस्थापनेच्या सुमारास तिला जेवण नकोसं झालं. पोट साफ होईना. उपासाने पित्त झालं असेल, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. मग तहान. रात्री उशाशी एक तांब्या पुरेना, दोन लागायला लागले, आणि तितक्याच वेळा उठणं. मी म्हटलं, साखर तपासू या. साखर ठीक होती. दसऱ्याला मी गेले तेव्हा ती आपट्याची पानं हातात घेऊन उभी होती आणि ती का घेतली आहेत हे तिला क्षणभर आठवत नव्हतं. वय झालं, असं माझ्या मनात आलं. शहात्तर वर्षं. आपण किती पटकन वयावर टाकून मोकळे होतो. पुढच्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या आणि शेजारच्या वहिनींचा रात्री फोन आला की काकू मला माझ्या सासूच्या नावाने हाक मारतायत, तुम्ही या.

रक्तातलं कॅल्शियम १३.९ होतं. साडेआठ ते साडेदहाच्या मध्ये हवं. किडनीचा आकडा वाढलेला. डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'काकू डी व्हिटॅमिन घेतात का?' मी म्हटलं, 'हो, आठवड्याला एक.' त्यांनी तरी तपासायला पाठवलं. रिपोर्टवर आकडाच नव्हता. १५० पेक्षा जास्त, एवढंच लिहिलेलं. त्यांचं यंत्र त्याच्या वर मोजत नव्हतं. त्या म्हणाल्या, 'नीट आठवा.' मी जरा तोऱ्यातच उत्तर दिलं की मी दर रविवारी फोन करून विचारते. आणि दुसऱ्या दिवशी तो डबा उघडला.

५३ गुणिले ६०,०००. एकतीस लाख ऐंशी हजार युनिट. आपली आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मोठ्या माणसाला दिवसाला ६०० पुरे म्हणते. आई रोज त्याच्या शंभरपट घेत होती, रात्री कोमट दुधातून, चमचा वाजवत ढवळून, पुडी विसळून ते पाणीही पिऊन टाकत. एका पुडीतलं खरं औषध वजनाने दीड मिलिग्रॅम, बाकी साखर आणि चव. दीड मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या काही कणांएवढं. डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. हे औषध पाण्यात विरघळणारं नाही, जास्त झालं तर लघवीतून निघून जात नाही, चरबीत साठून राहतं. यकृत आणि किडनी त्याला कामाचं रूप देतात आणि ते आतड्यातून कॅल्शियम ओढून आणतं. प्रमाणाबाहेर झालं की हाडांतूनही काढून रक्तात ओततं. ज्या हाडांसाठी घेतलं त्यांच्यातूनच. पाच दिवस सलाईन, स्टिरॉइड, मग कॅल्शियम उतरवणारं एक इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी आईने मला माझ्या नावाने हाक मारली आणि विचारलं, 'फराळाचं काय केलंस?'

ती बरी शुद्धीवर आल्यावर मी पुड्यांचा विषय काढला. तिला काही लपवायचं नव्हतंच. डॉक्टरच्या चिठ्ठीवर इंग्रजीत आठवड्यातून एकदा असं होतं. मेडिकलमधून आलेल्या पाकिटावर पेनने लिहिलं होतं, 'रात्री दुधातून १'. तिला चिठ्ठी वाचता येत नव्हती, पाकीट वाचता येत होतं. बीपीची गोळी रोज, थायरॉइडची रोज, तशी हीपण रोज. आठ पुड्या आठ दिवसांत संपल्या, तिने मेडिकलमध्ये फोन केला, मुलगा जिन्यावरून आणून देऊन गेला. मग पुन्हा केला, पुन्हा आणून दिल्या. 'आणि रिकाम्या का ठेवल्यास?' 'डॉक्टरांनी विचारलं असतं किती घेतल्या, तर हिशोब नको?' आयुष्यभर दुधाच्या कार्डावर खुणा करणारी बाई. तिचा हिशोब चोख होता, विचारणारंच कोणी नव्हतं.

पाकिटावर ते अक्षर ज्याचं होतं त्याच्यावर मी खूप दिवस मनातल्या मनात ओरडत होते. अजूनही राग पूर्ण गेलेला नाही, जावा असंही वाटत नाही. आठवड्याचं औषध देताना पाकिटावर वाराचं नाव मोठ्या मराठी अक्षरांत लिहायला कितीसा वेळ लागतो? पण रात्री झोप लागत नसे ती त्यामुळे नव्हे. पावडर पोचली त्या दिवशी मी आईशी पंचवीस मिनिटं फोनवर बोलले होते, हे मला आठवतं. काय काय बोलले ते आठवतं. शेजारच्या मुलीचं लग्न, तुरीच्या डाळीचा भाव, माझ्या ऑफिसमधली भांडणं. 'आठवड्यातून एकदाच हं' हे मी म्हटलं होतं का, ते आठवत नाही. कितीही डोळे मिटून बसलं तरी ते वाक्य माझ्या आवाजात ऐकू येत नाही.

त्या काळात मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून खूप वाचलं. कशासाठी, ते नक्की सांगता येणार नाही. बहुधा ही पावडर वाईटच आहे असं कोणीतरी लिहिलेलं मला हवं होतं. तसं मिळालं नाही. १९९२ साली फ्रान्समध्ये वृद्धाश्रमांतल्या ३,२७० म्हाताऱ्या बायकांवर झालेला अभ्यास सापडला. त्यांना रोज ८०० युनिट आणि सोबत कॅल्शियम दिलं, तर दीड वर्षात खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण खरोखरच बरंच कमी झालं. रोज, थोडं, आणि ज्यांच्यात कमतरता होती त्यांना. मग ऑस्ट्रेलियातला २०१० मधला अभ्यास वाचला. सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायका, वर्षातून एकदाच एकदम पाच लाख युनिट, म्हणजे रोजची कटकट नको. त्या बायका गोळी न घेतलेल्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. हे वाचताना मी आईच्या पलंगाकडे पाहिलं. तिथेही कोणीतरी भल्याच हेतूने हिशोब केला असणार. आणि अमेरिकेतला पंचवीस हजारांहून जास्त लोकांचा तो मोठा अभ्यास, रोज २,००० युनिट, पाच वर्षं: ज्यांना मुळात कमतरता नव्हती अशा बहुतेकांची ना हाडं मोडायची थांबली, ना हृदयविकार, ना कॅन्सर होणं. २०२४ मध्ये तिकडच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांच्या संघटनेने तर निरोगी प्रौढांनी उगाच ही तपासणी करू नये असं सांगितलं. माझं मत विचाराल तर, आईचं दुखणं खरं होतं, तिला औषधाची गरज होती, आठ पुड्यांनी ती बरीही झाली असती. पण कट्ट्यावर जी पावडर कोणालाही, कधीही, चहापावडरसारखी सुचवली जाते, ती पाहून माझ्या पोटात गोळा येतो. आणि मी मध्ये बोलते. न विचारता बोलते.

एक गोष्ट मात्र वाचली ती मनातून जात नाही. उन्हाने हे जीवनसत्त्व कधी जास्त होत नाही. कातडीत ते पुरेसं झालं की पुढचं ऊन त्याच्या आधीच्या रूपालाच मोडून दुसऱ्या निरुपयोगी पदार्थांत बदलून टाकतं. गच्चीवर तीन तास कुरडया राखणाऱ्या आईच्या हातांना कुठे थांबायचं ते ठाऊक होतं. कातडी भाजली असेल, पण रक्तात विष झालं नसतं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी दूध कमी करायला सांगितलं आणि उन्हात बसू नका म्हणाल्या. साठलेलं उतरायला महिने लागतील. तो सगळा हिवाळा आई बाल्कनीचे पडदे ओढून बसली. काचेतून काही येत नाही, हे मी तिला सांगितलं, पण तिने ऐकलं नाही. तिला आता आकड्याची भीती बसली होती. संक्रांतीला बायका गच्चीत हळदीकुंकू करत होत्या, ती गेली नाही. दर महिन्याला रक्त, दर महिन्याला आकडा, आणि तो इतक्या सावकाश खाली येत होता की मला उतरत्या उन्हाची आठवण व्हायची. सगळं पावसाळ्यात ताळ्यावर आलं. त्या उन्हाळ्यात घरात वाळवण झालं नाही. शेजारच्या वहिनींनी त्यांच्या सासूच्या हातच्या कुरडया आणून दिल्या तेव्हा आईने एक मोडून जिभेवर ठेवली आणि म्हणाली, 'चीक नीट आंबला नाही.'

या वर्षी एप्रिलमध्ये मी चार दिवस राहायला गेले. डॉक्टरांनी उन्हाची मनाई कधीच उठवली होती, पण आई काही काचेबाहेर येत नव्हती. शनिवारी सकाळी मी खाली जाऊन वॉचमनकडून गच्चीची किल्ली आणली आणि ओट्यावर ठेवली. काही बोलले नाही. थोड्या वेळाने बटाटे शिजल्याचा वास आला. अकराच्या सुमारास आम्ही वर गेलो. ती जिना कठडा धरून चढली, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत. गुडघे आहेत तसेच आहेत, ते पावडरचं काम नव्हतंच बहुधा. जुनी सुती साडी पसरली, चार कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले. आईने पदर डोक्यावरून घेतला आणि वाकून कीस पसरायला लागली. पांढरा, ओला, पिठूळ वासाचा कीस तिच्या बोटांतून सुटून साडीवर पडत होता. तिच्या हातांची कातडी आता पातळ झाली आहे, सलाईनच्या सुयांचे डाग अजून निळसर दिसतात. मी शेजारी उभी होते. किती मिनिटं झाली ते घड्याळात पाहत होते, आणि विचारावं की नाही, पुरे झालं का, बास का, दमलीस का, असं सगळं ओठांवर येत होतं.

आईने वर न पाहता हात हलवला. 'बाजूला हो गं. तुझी सावली पडतेय किसावर.'